चौदा वेळा ‘होय’

महिन्यापूर्वी जिचं नावसुद्धा ऐकलं नव्हतं अशा नदीत चौदा माणसांना उतरवायची जबाबदारी तुम्ही घ्याल का? तीही अशा शहरात बसून, जिथे नळाला सकाळी पाऊण तास पाणी येतं आणि पाऊस रुसल्याचं तिसरं वर्ष चालू आहे?

मी घेतली. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. जयपूरच्या राजा पार्कमध्ये, एका मिठाईच्या दुकानाच्या माडीवर असलेल्या ट्रॅव्हल ऑफिसात नोकरी करत होते. कुठलीही गोष्ट मुद्देसूद कागदावर मांडली की ती होतेच, अशी माझी पक्की समजूत होती. ती घरातूनच आली. वडील बँकेत होते आणि बँकेपेक्षा जास्त युनियनमध्ये. बदली होऊन नाशिकहून आम्ही इथे आलो तेव्हा सामानात भांड्यांच्या दोन पेट्या होत्या आणि पत्रकांच्या चार. मराठी वाचायला मी त्या पत्रकांवरच शिकले. इथल्या हिंदी शाळेत ‘मेरा प्रिय पक्षी’ हा निबंध लिहिताना शेवटी मी पक्ष्यांच्या तीन मागण्या लिहिल्या होत्या. बाईंनी दोन गुण कापले. वडिलांनी तो निबंध जपून ठेवला.

ऑफिसचे मालक बाबूजी. पांढरा सफारी, कपाळाला केशराचं बोट, आणि आलेल्या गिऱ्हाइकाला एकच उत्तर: ‘‘हो जाएगा जी.’’ मग ते माझ्याकडे बघायचे. कसं होणार हे शोधणं म्हणजे माझी नोकरी. एरवी कठीण काही नसायचं. परदेशी पाहुण्यांना आमेरचा किल्ला आणि सांगानेरचे छापकाम करणारे दाखवायचे; सरकारी, बँकेच्या आणि विम्याच्या अधिकाऱ्यांना एल.टी.सी.वर सहकुटुंब दक्षिणेला नाहीतर काश्मीरला पाठवायचं. एल.टी.सी. म्हणजे रजेच्या प्रवासाचं भाडं सरकार देतं ती सवलत. तिच्या फॉर्मवर सगळ्यात वर कुटुंबप्रमुखाचं नाव, खाली अवलंबितांची यादी, आणि तळाशी प्रमुखाची सही. असे फॉर्म मी शेकड्यानं भरून घेतले होते. हे लक्षात असू द्या.

त्या उन्हाळ्यात करंदीकर साहेब जिना चढून आले. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आणि जयपुरातल्या मराठी कुटुंबांच्या प्रत्येक कार्यक्रमात माइक त्यांच्याच हातात.

‘‘हे बघ मुक्ता,’’ ते म्हणाले, ‘‘आम्ही पाच कुटुंबं दिवाळीत बेळगावकडे उतरतोय. देवळं पुरे झाली. प्रत्येक फोटोत मी आणि मागे कळस! काहीतरी थरारक हवं. ते रबराच्या नावेतून खळाळत जातात ना, ते करू.’’

‘‘हो जाएगा जी,’’ बाबूजी म्हणाले.

मला माहीत होतं ते एवढंच की हे प्रकार वर हिमालयात होतात. पण साहेबांच्या वाटेवर, कर्नाटकातल्या घाटाखाली, सदाहरित जंगलातून उतरणारी एक नदी होती, आणि तिथे अजून कुणी पर्यटकांना नावेतून नेलं नव्हतं. कुणी केलं नाही म्हणजे आपण करायचं, हेही पत्रकांचंच शिक्षण.

त्यासाठी मला सुभेदार कदम सापडले. मूळचे सातारा जिल्ह्यातले, फौजेत इंजिनिअर पलटणीत पूल बांधण्यात आणि नावा चालवण्यात आयुष्य गेलेलं. निवृत्तीनंतर झोटवाड्यात ट्यूब-टायर दुरुस्तीचं दुकान टाकून बसले होते, कारण मुलगी इथे दिली होती. मी योजना सांगितली तेव्हा ते एक ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधत होते.

‘‘नदी बघितलीस?’’

‘‘नकाशात.’’

‘‘मग नकाशातच फिरवून आण त्यास्नी. सोपं पडंल.’’

तरीही ते आले. का आले ते त्यांनी कधी सांगितलं नाही. माझा अंदाज असा की टबातल्या पाण्याचा त्यांना कंटाळा आला होता.

नवरात्रात आम्ही दोघं नदी बघायला गेलो. बाहेरच्या माणसाला वाटतं की या धंद्याचं काम नावेत असतं. तसं नाही. नव्वद टक्के काम काठावर, पायी असतं. नावा कुठून सोडायच्या, कुठे बाहेर काढायच्या, मधे एखादा जखमी झाला तर जंगलातून गाडीरस्त्यापर्यंत किती वेळ लागतो, सगळ्यात जवळचा डॉक्टर दुपारी झोपतो का, हे सगळं आधी चालून ठरवायचं. त्या जंगलात ऊन जमिनीपर्यंत पोचतच नव्हतं. पानांवरून पाणी ठिबकत होतं, आणि मोज्यांत जळवा शिरत होत्या. दुष्काळातून आलेली मी दर दहा पावलांवर थांबून त्या पाण्याकडे बघायची आणि मला राग यायचा. एवढं पाणी, आणि आमच्या गल्लीत बायका टँकरमागे धावतात!

सुभेदारांनी गावातून न सोललेले वीस नारळ विकत घेतले. प्रत्येक खळाळाच्या वर उभे राहून ते एकेक नारळ पाण्यात फेकायचे. खळाळ म्हणजे नदी खडकांवरून उतारानं धावते आणि पांढरी होते तो पट्टा. मी खाली उभी राहून मोजायची.

‘‘ह्ये नारळ न्हाईत,’’ त्यांनी सांगितलं, ‘‘डोकी हायेत. कुटं अडकतंय, कुटं गरगरतंय, नीट बघ.’’

पहिल्या खळाळातून सगळी डोकी सुखरूप आली. दुसऱ्यात एक थोडा वेळ अडकलं. तिसरा मोठा होता, आम्ही त्याला ‘थोरला’ म्हणू लागलो. त्यातून पाच डोकी बाहेर यायला हवी होती, तीनच आली. एक दहा मिनिटांनी वर आलं. एक आलंच नाही.

त्या संध्याकाळी आम्ही नियम ठरवले. पंधरा वर्षांखालचं कुणी नाही. नाव सोडायच्या आधी संथ डोहात प्रत्येकानं जॅकेट घालून उताणं तरंगून दाखवायचं. ज्याला पोहता येत नाही त्यानं थोरल्याच्या आधीच उतरायचं, काठावरच्या पायवाटेनं चालत वळसा घालायचा आणि पुढे नावेत बसायचं.

जॅकेट असताना पोहण्याचा प्रश्न येतोच कुठे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. सुभेदारांनी समजावलं. खळाळात पडलं तर उताणं व्हायचं, पाय वर आणि पुढे ठेवायचे, आणि पाणी नेईल तसं जायचं. पोहणारा माणूस पाण्यावर पाठ टेकतो, कारण पाणी धरून ठेवतं हे त्याच्या पाठीला माहीत असतं. न पोहणारा उभा राहायला बघतो. उभं राहिलं की पाय दगडांच्या फटीत जातो, आणि मागून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवून दाबतं. मग कमरेएवढ्या पाण्यातही जॅकेटचा उपयोग नाही.

हे सगळं मी वहीत लिहून घेतलं, अधोरेखित केलं. जयपूरला परतल्यावर फॉर्म तयार केला. वर कुटुंबप्रमुखाचं नाव. खाली इतरांची नावं, वय, नातं. आणि माझा नवीन रकाना: पोहता येतं का? तळाशी प्रमुखाची सही.

एल.टी.सी.च्या फॉर्मवर कोरा कागद ठेवून मी रेघा मारल्या होत्या. मीच. जिच्या घरात समतेच्या पत्रकांवर पापड वाळत घातले जायचे, ती मी.

फॉर्म आठवड्याभरात परत आले. पाच कुटुंबं, पाच हस्ताक्षरं, चौदा नावं, चौदा वेळा ‘होय’. मला अभिमान वाटला. म्हटलं, मराठी माणसं ही, विहिरीत उड्या मारून वाढलेली!

जॅकेटांवरून मात्र भांडण झालं. बाबूजींनी झोटवाड्यातच थर्माकोल घालून शिवून घेतलेली एक जोडी आणली. सुभेदारांनी त्यातलं एक वाळूच्या पोत्याला घालून हौदात टाकलं. शिवण उसवली, थर्माकोल वर आलं, पोतं तळाशी गेलं. ‘‘बाबूजी,’’ सुभेदार म्हणाले, ‘‘जॅकेट बच गया.’’ दुसऱ्या दिवशी बाबूजींनी दिल्लीहून खरी जॅकेटं मागवली.

सराव झाला जवाहर नगरमध्ये, करंदीकरांच्या गच्चीवर. दोन लांब गाद्या गुंडाळून समोरासमोर ठेवल्या, त्यांवर सगळे बसले, हातात वल्ह्यांऐवजी झाडू आणि पडद्यांच्या काठ्या. सुभेदार मागून ओरडत होते, ‘‘डावीकडचे पुढं! उजवीकडचे मागं! अवो साहेब, ती काठी हाय, माइक न्हवं!’’ शेजारच्या गच्चीवर एक मारवाडी भाभी मिरच्या वाळवत होत्या. ‘‘भाईसाहब,’’ त्यांनी विचारलं, ‘‘नाव तो ठीक है, पानी का टँकर कब आएगा?’’ करंदीकर साहेबांसकट सगळे हसले.

त्यांच्या पत्नी, नलिनीवहिनी, सगळ्यात शिस्तीत वल्हवत होत्या. सराव संपल्यावर जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

‘‘मुक्ता, मतलब... तिथे खोल असतं का गं?’’

‘‘काळजी करू नका वहिनी, जॅकेट आहे. आणि तुम्हाला पोहता येतंच.’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खालून साहेबांची हाक आली आणि त्या गेल्या. तेव्हा मी त्यांच्या मागे का गेले नाही? माझ्या डोक्यात वल्ह्यांची पार्सलं होती. त्यांना उत्तर मी दिलं होतं. प्रश्न त्यांचा काय होता, ते ऐकलंच नव्हतं.

सहलीच्या दिवशी बस काठावर दीड तास उशिरा पोचली. घाटात एक ट्रक आडवा झाला होता. दुपारनंतर जंगलात लवकर अंधारतं, म्हणून नावा बाहेर काढायची वेळ आम्ही ठरवून ठेवली होती. मी घड्याळ बघत काठावर येरझाऱ्या घालत होते. दोन नावा फुगवून तयार. एकीवर सुभेदार, दुसरीवर त्यांच्या पलटणीतले जुने सोबती धोंडीराम. मी दुसरीत बसणार होते.

सुभेदार म्हणाले, ‘‘आता डोहात. एकेक जण, उताणं.’’

दोन-तीन पुरुष उतरले, तरंगले, हसत बाहेर आले. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. सगळ्यांसमोर ओले कपडे अंगाला चिकटणार, केस मोकळे होणार. करंदीकर साहेब म्हणाले, ‘‘अहो सुभेदार, आता कशाला वेळ घालवता? फॉर्मवर लिहून दिलंय ना आम्ही?’’

सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. माझं ऑफिस, माझी सहल, निर्णय माझा.

मी घड्याळ पाहिलं. आणि म्हणाले, ‘‘फॉर्मवर आहे. चला.’’

हे वाक्य मी नंतर कितीतरी वेळा मनात खोडलं आहे. ते खोडलं जात नाही.

पहिला खळाळ मजेचा झाला. किंचाळणं, पाणी तोंडावर, साहेबांची टोपी गेली. दुसऱ्यात पुढची नाव खडकाला घासून तिरकी झाली आणि नलिनीवहिनी बाहेर फेकल्या गेल्या. आमची नाव मागे होती, मला सगळं दिसत होतं. जॅकेटनं त्यांना वर आणलं. सुभेदार ओरडत होते, ‘‘पाय वर! पाय वर!’’ त्या उभं राहायला बघत होत्या. एकदा उभ्या राहिल्याही, पाणी कमरेएवढंच होतं. आणि मग त्या पुढे वाकल्या, आणि पाणी त्यांच्या डोक्यावरून जाऊ लागलं. जॅकेटची नारिंगी पाठ तेवढी दिसत होती, एका जागी, थांबलेली.

सुभेदारांनी वल्हं शेजाऱ्याच्या हातात कोंबलं आणि उडी टाकली. दोर घेऊन काठावर बसवलेली गावातली दोन माणसं खडकांवरून धावली. नावेत बसून मी काय केलं? काहीच नाही. धोंडीराम म्हणत होते, ‘‘बसून ऱ्हावा, मॅडम, बसून ऱ्हावा,’’ आणि मी नावेची दोरी धरून बसले होते.

त्या सुटल्या, कारण त्यांच्या पायातले कॅनव्हासचे बूट मुलाचे होते, एक नंबर मोठे. सुभेदारांनी त्यांना मागून उचललं तेव्हा पाय निसटला. बूट फटीतच राहिला.

काठावर त्या खोकल्या, पाणी ओकल्या, थरथरत बसल्या. साहेब त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, ‘‘अगं, पोहायचंस ना! हातपाय मारायचेस!’’

‘‘मला पोहता येत नाही,’’ त्या म्हणाल्या.

‘‘म्हणजे? लग्नाच्या वेळी तुझे अण्णा म्हणाले होते, विहिरीवर...’’

‘‘विहिरीवर धुणं धुवायचे मी.’’ त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. ‘‘मला कुणी विचारलंच नाही. फॉर्म आला, तुम्ही भरलात. मीही चहा करत होते, बोलले नाही. सगळ्यांचं ठरलं होतं.’’

माझ्या बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत ते पाच फॉर्म होते. मी वहीची पानं फाडली आणि चौदा चिठ्ठ्या केल्या. मग पंधरावी केली. तीवर लिहिलं, ‘मुक्ता: नाही’, आणि सगळ्यांना वाचून दाखवलं.

हो. मलाही पोहता येत नव्हतं. जयपुरात वाढलेली मुलगी, कुठे शिकणार? यादी मी केली, म्हणून यादीत माझं नाव नव्हतं. मला कुणी विचारलं नाही, कारण विचारणारी मीच होते. डोहात तरंगायचा नियम मोडताना मला कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं होतं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारायचं टाळत आले आहे. इथे लिहून टाकते: वाटलं होतं.

‘‘पोरी,’’ सुभेदार कपडे पिळत म्हणाले, ‘‘ह्ये आधी बोलायचं हुतंस.’’

एवढंच. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, ‘‘प्रत्येकानं आपली चिठ्ठी घेऊन लांब एकेका झाडाकडे जायचं. आपल्या हातानं लिहायचं. कुणी कुणाची बघायची नाही.’’

‘‘हा काय पोरखेळ आहे?’’ करंदीकर साहेब उसळले. ‘‘एवढ्या लांबून आलोय आम्ही. मी लेखी तक्रार करीन तुझ्या मालकांकडे!’’

‘‘करा साहेब. मुद्दे मी लिहून देते. पण तोपर्यंत नाव हलणार नाही.’’

आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं भाषण ते. चिठ्ठ्या आल्या. चौदांतल्या आठांवर ‘नाही’ होतं. त्यात फक्त बायकाच नव्हत्या, दोन पुरुषही होते आणि एक अठरा वर्षांचा मुलगा, जो बापासमोर सकाळपासून नावेच्या टोकाला बसायचा हट्ट धरून होता. एक चिठ्ठी कोरीच परत आली. ती कुणाची ते मी विचारलं नाही. थोरल्याच्या आधी न पोहणारे आम्ही सगळे उतरून पायवाटेला लागलो, तेव्हा करंदीकर साहेबही आमच्या मागून येत होते. वहिनींच्या एका पायात बूट होता, दुसऱ्याला साहेबांनी आपला रुमाल बांधला होता.

वाट निसरडी होती. झाडांमधून खाली थोरला दिसत होता, नुसता पांढरा, त्याच्या आवाजात आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पाच पोहणाऱ्यांना घेऊन दोन्ही नावा त्यातून गेल्या. एक मधेच दिसेनाशी झाली. वहिनींनी माझं मनगट धरलं. मग नाव खालच्या डोहात बाहेर आली, सगळी माणसं जागेवर. वहिनींनी मनगट सोडलं, तिथे त्यांच्या बोटांचे वळ उठले होते.

‘‘मी आत असते तर?’’ त्यांनी विचारलं.

मी त्यांना थोरल्यातल्या पाच नारळांची गोष्ट सांगितली.

जयपूरला परतल्यावर मी बाबूजींना सगळं सांगितलं. डोहाचा नियम मी मोडला हेही. ते म्हणाले, ‘‘मुक्ताजी, वो तैरनेवाला कॉलम ही निकाल दो. लोग डर जाएँगे.’’ मी राजीनामा टेबलावर ठेवला. सात मुद्द्यांचा होता. त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि चहा मागवला. नवीन फॉर्म छापला गेला. त्यावर कुटुंबप्रमुख नाही. माणशी एक पान, आणि ते त्यानंच ऑफिसात येऊन भरायचं. गिऱ्हाइकं वैतागतात. ‘‘मेरी मिसेस को सीढ़ियाँ क्यों चढ़ाते हो?’’ असं विचारतात. दोन कुटुंबं पान बघून निघून गेली. बाबूजी सुस्कारा टाकतात आणि म्हणतात, ‘‘मैडम का उसूल है जी.’’

नंतर मी अशा पाच-सहा सहली आखल्या. सुभेदारांचे गुडघे आता नावेत बसू देत नाहीत. नारळ मात्र अजून तेच फेकतात. मी पोहायला शिकले, तरणतलावात बायकांसाठी ठेवलेल्या सकाळच्या तासाला. शेजारच्या पट्ट्यात नलिनीवहिनी असायच्या. त्यांना माझ्याआधी उताणं तरंगता आलं. त्या नदीवर पुन्हा कधी आल्या नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘नाही येणार गं. आणि हे मी माझं मी ठरवलंय.’’

माझी धास्ती मात्र गेलेली नाही. आजही भरलेला फॉर्म हातात आला की मी अक्षर बघते. एकाच हातानं सगळ्यांची नावं लिहिलेली असली की मला त्या नारिंगी पाठीखालचं पाणी दिसतं.

हा अंक तुम्ही घरी वाचत असाल, तर एक काम करा. या आठवड्यात घरात कुठला ना कुठला फॉर्म येईल. विम्याचा, शाळेचा, रेशनचा, सहलीचा. तो तुम्ही भरू नका. ज्या माणसाबद्दल रकाना आहे त्याच्या हातात पेन द्या, आणि त्याचं लिहून होईपर्यंत खोलीबाहेर थांबा.